दिनविशेष : ११ मार्च

११ मार्च २००० रोजी कॅनडातील ओटावा येथे आइस हॉकीच्या एनएचएल (नॅशनल हॉकी लीग) सामन्यात टोरंटो मेपल लीफ्सचा बचावपटू ब्रायन बेरार्ड रक्तबंबाळ होऊन बर्फावर कोसळला. ओटावा सेनेटर्सच्या मारियन होसाने पक (खेळाची चकती) टोलवला आणि त्या ओघात वर आलेली स्टिक बेरार्डच्या उजव्या डोळ्यावर बसली. तो अपघातच होता. २३ वर्षांच्या बेरार्डच्या हेल्मेटला पारदर्शक व्हायझर नव्हता. लीगमध्ये त्याची सक्तीच नव्हती.

अनेक शस्त्रक्रियांनंतरही डोळ्याची नजर जवळजवळ गेली. विम्याची लाखो डॉलरची भरपाई सोडून त्याने खेळायचे ठरवले. दुखावलेल्या डोळ्याची दृष्टी किमान २०/४०० असावी, ही लीगची अट त्याने खास कॉन्टॅक्ट लेन्स लावून पूर्ण केली. २००१मध्ये तो न्यूयॉर्क रेंजर्सकडून परतला. उजवीकडून वेगाने अंगावर येणारा खेळाडू धूसर दिसत असताना बचाव करायचा, हे साधे काम नव्हे. चिकाटीसाठी त्याला २००४मध्ये बिल मास्टरटन करंडक मिळाला. एनएचएलमधील कारकीर्द संपल्यावर २००८-०९च्या मोसमात तो थेट रशियात, चेखोव्ह शहराच्या वित्याझ संघाकडून खेळला.

त्याच्या जिद्दीचे कौतुक होते, ते व्हायलाच हवे. पण ही तारीख आठवावी ती व्हायझरसाठी. एवढा गुणी खेळाडू डोळा गमावून बसला, तरी सक्तीचा नियम यायला २०१३ उजाडले. आणि तोही २६ पेक्षा कमी सामने खेळलेल्यांपुरता. जुन्या खेळाडूंना सूट होती.