चारांहून अधिक नकोत

आठ-दहा माणसं कुणाच्या तरी घरी जमतात. एक जण बायबलचा अध्याय मोठ्यानं वाचतो, बाकीचे आपापल्या पुस्तकात ओळीवर बोट ठेवून ऐकतात आणि मग कुणीही विचारतं, ‘याचा अर्थ काय?’ जगभरच्या मंडळ्यांमध्ये ही रीत आज अंगवळणी पडली आहे. तिच्यापायी एके काळी लोकांनी तुरुंग पाहिला, हे मात्र विस्मरणात गेलं आहे.

आजच्या रूपातल्या या रीतीचा माग जर्मनीतल्या फ्रँकफर्टपर्यंत पोचतो. मार्टिन ल्यूथरचं संपूर्ण जर्मन बायबल १५३४ साली छापून निघालं होतं. तरी पुढे शतकभराहून अधिक काळ चर्चमध्ये लोकांच्या वाट्याला मुख्यतः ऐकणंच आलं. प्रत्येक रविवारचा उतारा ठरलेला, त्यावर पाळकाचं प्रवचन. फिलिप याकोब श्पेनर हे फ्रँकफर्टचे ज्येष्ठ पाळक. वर्षभराचे सगळे उतारे एकत्र केले तरी बायबलचा लहानसा भागच होतो, ही त्यांची खंत होती. १६७० साली त्यांनी स्वतःच्या घरी बैठक सुरू केली. आरंभी तिथे भक्तिपर पुस्तकं वाचली जात, पुढे थेट बायबल. बायकांनी वेगळं बसून फक्त ऐकायचं, असा दंडक होता. १६७५ साली ‘पिया देसिदेरिया’ या पुस्तकातून श्पेनर यांनी जाहीरच सुचवलं, की प्रवचनाच्या जोडीला अशा सभा हव्यात, तिथे एकाहून अधिक जणांनी बोलावं, शंका विचाराव्यात.

ही रीत पसरली, तशी धास्तीही पसरली. ती अगदीच निराधार नव्हती. बैठकीच्या संस्थापकांपैकी एक, योहान याकोब श्युट्झ हे वकील, पुढे चर्चपासूनच दुरावले. लाइपझिगमध्ये ऑगस्ट हेरमान फ्रांके यांच्या वाचनवर्गाला विद्यार्थ्यांबरोबर सामान्य नागरिकही येऊ लागले आणि १६९० साली अशा सभांवर बंदी आली. इंग्लंडनं तर १६६४ सालीच कायदा केला होता. चर्च ऑफ इंग्लंडच्या रीतीबाहेरच्या उपासनेसाठी घरच्या माणसांखेरीज सोळा वर्षांवरची पाच किंवा अधिक माणसं जमली, की गुन्हा. आधी दंड किंवा कैद, तिसऱ्यांदा सापडलं तर हद्दपारीसुद्धा. स्वीडननं १७२६ साली घरगुती धर्मसभांवर घातलेली बंदी उठायला १८५८ साल उजाडलं. राजा आणि चर्च जिथे एकमेकांच्या आधारानं उभे होते, तिथे अर्थ लावायचा अधिकार घराघरांत जाणं कुणाला परवडणार?

बंदीनं रीत मेली नाही. फ्रांके पुढे ज्या हाले शहरात गेले, तिथून शिकून निघालेले बार्थोलोमेयस झीगेनबाल्ग १७०६ साली तमिळ किनाऱ्यावर तरंगंबाडीला उतरले आणि त्यांनी नवा करार तमिळमध्ये आणला. लोकांच्या हाती त्यांच्या भाषेतलं पुस्तक असल्याशिवाय एकत्र वाचायचं तरी काय?

फ्रँकफर्टच्या त्या घरात बायकांना बोलायची मुभा नव्हती. आपल्याकडे केडगावला पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत बायबल उतरवलं. त्यांच्या मुक्ती मिशन या संस्थेच्या छापखान्यात त्याचे खिळे बायका-मुलींनी जुळवले. रमाबाई १९२२ साली गेल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला.

कॅथलिक जगात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६५ साली सर्व श्रद्धावंतांना बायबलवाचनाचा आग्रह केला. त्याच सुमारास निकाराग्वातल्या सोलेंतिनामे बेटांवर एर्नेस्तो कार्देनाल हे धर्मगुरू शेतकरी-कोळ्यांबरोबर शुभवर्तमान वाचू लागले. प्रवचनाऐवजी तिथे चर्चा होई. ती टिपून त्यांनी पुस्तकरूपात आणली. पुढे तिथले काही तरुण देशातल्या सोमोसा राजवटीविरुद्धच्या सशस्त्र लढ्यात उतरले आणि १९७७ साली सैनिकांनी ती वस्ती उद्ध्वस्त केली.

या सगळ्यांनी जपलं ते एकच: ऐकणाऱ्यालाही विचारता आलं पाहिजे. आज गट चालवणाऱ्यांनी एवढं जरूर पाहावं, की उत्तरं एकाच्याच तोंडून येत नाहीत ना. येत असतील, तर गप्प बसलेल्याला आधी बोलतं करावं.