अलीगढमधील एक थट्टा, कोसंबी आणि बिंदू वेगळे करण्याचा प्रश्न

दामोदर धर्मानंद कोसंबी हे नाव मराठी वाचकास इतिहासकार म्हणून परिचित आहे. नाणी, शिलालेख, कार्ल्याची लेणी, सह्याद्रीच्या घाटवाटा या साऱ्यांशी ते जोडलेले आहे. त्यांचा पोटापाण्याचा व्यवसाय मात्र आयुष्यभर गणिताचाच होता. विसाव्या शतकातील गणिताच्या एका मोठ्या प्रकरणात त्यांचे नाव येते ते थट्टेच्या निमित्ताने, आणि ही थट्टा समजून घेण्यासारखी आहे.

कोसंबींचा जन्म १९०७ सालचा, गोव्यातील कोसबें गावचा. वडील धर्मानंद हे बौद्ध धर्माचे व पालीचे थोर पंडित. दामोदर १९२९ साली हार्वर्ड विद्यापीठाचे पदवीधर झाले व परतल्यावर प्रथम काशीस शिकवू लागले. त्याच सुमारास अलीगढच्या मुस्लिम विद्यापीठात गणित विभागाची सूत्रे एका फ्रेंच तरुणाकडे आली होती. त्याचे नाव आंद्रे वेय. वेय यांनी १९३१ च्या सुमारास दोन तरुण भारतीयांना अलीगढला आणले : टी. विजयराघवन आणि कोसंबी.

वेय यांनी पुढे आत्मचरित्रात दिलेली हकीकत अशी. कोसंबींचा एका सहकाऱ्याशी खटका उडाला होता. त्यावर वेय यांनी उपाय सुचविला की एखाद्या अस्तित्वातच नसलेल्या गणितज्ञाच्या नावाने प्रमेय सांगावे आणि त्यावर निबंध लिहावा. नाव सुचविले बूरबाकी. हे मुळात १८७०-७१ च्या युद्धातील एका फ्रेंच सेनापतीचे नाव. पॅरिसच्या एकोल नॉर्माल या संस्थेत १९२३ साली एका विद्यार्थ्याने खोटी दाढी लावून 'बूरबाकीचे प्रमेय' नवागतांच्या गळी उतरवले होते, ती आठवण वेय यांच्या मनात ताजी होती. कोसंबींनी बूरबाकीस रशियन ठरविले, क्रांतीच्या धामधुमीत विषप्रयोगाने मारले, आणि 'बूरबाकीच्या दुसऱ्या प्रमेयाचे व्यापकीकरण' अशा अर्थाच्या शीर्षकाचा तीन पानी निबंध अलाहाबादच्या संयुक्त प्रांत विज्ञान अकादमीच्या पत्रिकेत छापून आणला. बूरबाकी हे नाव गणिताच्या नियतकालिकात उमटले ते येथे प्रथम.

पुढे डिसेंबर १९३४ मध्ये पॅरिसमध्ये वेय व त्यांचे मित्र एकत्र आले, १९३५ च्या उन्हाळ्यात त्यांनी आपल्या मंडळास हेच नाव दिले, आणि 'निकोला बूरबाकी' या टोपणनावाने आधुनिक गणिताची नव्याने मांडणी करणारी ग्रंथमाला निघू लागली. यावरून 'कोसंबी हे बूरबाकी मंडळाचे संस्थापक' असे विधान समाजमाध्यमांवर अधूनमधून फिरत असते. ते खरे नाही. ते मंडळाचे सदस्यही नव्हते. नाव प्रथम छापणे हा त्यांचा वाटा, आणि तो तेवढाच सांगितला तरी कमी मौजेचा नाही.

त्या मंडळींनी जे प्रश्न हाती घेतले त्यांतील एक असा : अवकाशातील दोन बिंदू एकमेकांपासून 'वेगळे' आहेत, हे कशावरून म्हणावे? संस्थितिविज्ञानात, म्हणजे टोपॉलॉजीत, अंतर मोजण्याची पट्टी हाती असतेच असे नाही. कोणते संच एखाद्या बिंदूची 'सामीप्ये' मानावयाचे, एवढेच ठरलेले असते. मग वेगळेपणाच्या पायऱ्या लागतात. सर्वांत खालची पायरी अशी की दोहोंपैकी निदान एका बिंदूभोवती दुसऱ्यास वगळणारे कुंपण घालता येते. त्याहून वरची, दोघांभोवती एकमेकांना न छेदणारी कुंपणे घालता येतात. आणखी वरची, एका बिंदूवर शून्य व त्याच्या कुंपणाबाहेर सर्वत्र एक अशी किंमत घेणारे संतत फल अस्तित्वात असते. सर्वसाधारण अवकाशात या पायऱ्या खरोखर निरनिराळ्या आहेत. खालची चढलो म्हणून वरची चढलोच, असे होत नाही.

पण अवकाश जर गट असेल, म्हणजे त्यात घटकांचा गुणाकार व व्यस्त करता येत असतील आणि या क्रिया संतत असतील, तर चित्र पालटते. अशा संस्थितिक गटात खालची पायरी मिळाली की वरच्या या साऱ्या पायऱ्या आपोआप मिळतात.

असे का होते ते पाहण्यासाठी नाशिकजवळच्या ओझरचे उदाहरण घेता येईल. तेथील विमान कारखान्यात १९६४ पासून मिग विमाने बांधण्याचे काम सुरू झाले. यंत्रावर तयार होणाऱ्या भागाला मापात ठरावीक सूट असते, तिला कारागीर टॉलरन्स म्हणतात. तयार जोडणीत अमुक इतकीच चूक चालेल असे सांगितले, की सुट्या भागात किती सूट द्यावी हे ठरवता येते. सांतत्य म्हणजे नेमके हेच. पण ती सूट प्रत्येक जागी वेगवेगळी असेल तर कारखाना चालवणे जड जाईल. सर्वत्र एकच सूट पुरते, तेव्हा त्यास एकसमान सांतत्य म्हणतात. गटात ही सोय जन्मजात आहे. अविकारक घटकाभोवतीचे सामीप्य गुणाकाराने उचलून कोणत्याही बिंदूवर नेता येते, त्यामुळे 'इतके जवळ' या शब्दांना सर्वत्र एकच अर्थ प्राप्त होतो.

मग कुंपणाचे काम सोपे होते. क्ष भोवतीचे कुंपण य ला वगळीत असेल, तर तेच सामीप्य व्यस्त करून य वर नेले की ते क्ष ला वगळते. एकतर्फी वेगळेपण असे परस्पर होते. संतत फल घडविण्यासाठी युक्ती निम्म्या-निम्म्याने जाण्याची. गुणाकार संतत असल्यामुळे प्रत्येक सामीप्याच्या आत असे लहान सामीप्य सापडते, की त्यातील कोणत्याही दोन घटकांचा गुणाकार मोठ्याच्या बाहेर जात नाही. हीच उतरंड पुढे चालू ठेवली की अर्धा, पाव, अष्टमांश अशा पायऱ्या तयार होतात, आणि त्यांवरून शून्यापासून एकापर्यंत चढणारे फल उभे राहते. अवघ्या सव्विसाव्या वर्षी समुद्रात बुडून मृत्यू पावलेल्या पावेल उरिसोन या रशियन गणितज्ञाच्या प्रमेयाची ही सख्खी बहीण आहे.

१९३६ साली बर्कॉफ व काकुतानी यांनी स्वतंत्रपणे दाखविले, की असे एकमेकांत बसणारे सामीप्यांचे गणनीय कुटुंब पुरत असेल, तर अशा गटात अंतराची पट्टीही मिळते. पुढच्याच वर्षी वेय यांनी 'एकसमान रचना' ही संकल्पना मांडून पट्टीवाचूनही जवळीक मोजण्याची सर्वसाधारण भाषा दिली. तीच बूरबाकीच्या संस्थितिविज्ञानाच्या १९४० च्या पहिल्या भागात आली, आणि १९४२ च्या भागात तिच्या आधारे संस्थितिक गट मांडले गेले. शिडीची शेवटची पायरी मात्र गटालाही साधत नाही. कोणतेही दोन परस्परविभक्त बंदिस्त संच वेगळे करता येतीलच असे नाही. ए. एच. स्टोन यांनी १९४८ साली दाखविल्याप्रमाणे, पूर्णांकांच्या अगणनीय प्रतींचा गुणाकार हा उत्तम गट असूनही तेथे हे जमत नाही.

कोसंबी या वाटेने गेले नाहीत. अलीगढनंतर ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात सुमारे बारा वर्षे शिकवीत होते. १९४३ साली त्यांनी फलांच्या अवकाशातील संख्याशास्त्रावर निबंध लिहिला. त्यातील विस्तारपद्धती पुढे प्रामुख्याने कारहुनेन व लोएव्ह या दोघांच्या नावाने ओळखली गेली. थट्टेतल्या प्रमेयाला नाव मिळाले आणि खऱ्या कामाला ते उशिरा व अर्धवट मिळाले, हा व्यवहार न्याय्य म्हणता येत नाही. १९४५ साली भाभांनी त्यांना मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलावले, आणि १९६२ पर्यंत ते तेथे होते.

त्याच संस्थेत पुढे गटांचा अभ्यास बहरला. १९७२ साली एम. एस. रघुनाथन यांचा ली गटांच्या विविक्त उपगटांवरील ग्रंथ आला. बेळगावात जन्मलेल्या श्रीकृष्ण गोपाळराव दाणी यांनी १९८१ च्या निबंधात रघुनाथन यांचे एक अनुमान प्रथम छापले. तेथेही वेगळेपणाचाच प्रश्न वेगळ्या वेषात उभा आहे. उपगट बंदिस्त असेल, तर गटाला त्याने भागून मिळणाऱ्या अवकाशात बिंदू कुंपणांनी वेगळे राहतात. तो बंदिस्त नसेल तर ते एकमेकांना चिकटतात. गटाच्या क्रियेने एखादा बिंदू ज्या कक्षेत फिरतो ती बंदिस्त नसेल, तर ती कोठवर पसरते? विशिष्ट प्रकारच्या प्रवाहांसाठी रघुनाथन यांचे म्हणणे होते, की ती पसरून जो संच होतो तोही एका मोठ्या उपगटाची सुबक कक्षाच असतो. ते खरे असल्याचे १९९० च्या सुमारास मरिना रॅटनर यांनी सिद्ध केले.