चौकीतील कबुलीजबाब

सरकार शिपायाच्या हाती दंडुका देते, कोठडीची किल्ली देते, प्रसंगी बंदूकही देते. परंतु आरोपीने पोलिसापाशी दिलेली गुन्ह्याची कबुली मात्र न्यायालयात पुरावा म्हणून चालू देत नाही. चाकर ठेवायचा आणि त्याच्या शब्दावर विसंबायचे नाही, हा काय प्रकार आहे? या अविश्वासाचा इतिहास उद्बोधक आहे.

१८५४ साली मद्रास इलाख्यातील छळाचा प्रश्न ब्रिटिश पार्लमेंटात निघाला. इलियट, स्टोक्स व नॉर्टन या तिघांचे चौकशी मंडळ बसले आणि १८५५ साली त्याचा अहवाल बाहेर पडला. सारा थकविणारी रयत काय आणि चोरी कबूल न करणारा संशयित काय, दोघांच्या वाट्याला छळ सारखाच. बोटे लाकडी चिमट्यात आवळीत. माणसाला वाकवून, दोरीने जखडून उन्हात ठेवीत. डोळ्यांत तिखट घालीत. तहसीलदार वसुलीचा अधिकारी आणि पोलिसांचा वरिष्ठही तोच! दाद मागायची कोणाकडे? मंडळाने ठपका देशी अंमलदारांवर ठेवला. वसूल कोणाच्या तिजोरीत जात होता, हे सांगावयास नकोच.

१८६० च्या दंडसंहितेने कबुलीसाठी दुखापत करणाऱ्यास सात वर्षांपर्यंत कैद सांगितली. १८६१ च्या फौजदारी कार्यपद्धतीच्या संहितेने पोलिसापुढील कबुली पुराव्यातून बाद केली, आणि १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात तोच नियम पंचविसावे कलम होऊन बसला. हा कायदा रचणाऱ्या फिट्झजेम्स स्टीफनने पुढे एका अनुभवी अधिकाऱ्याचे मत नोंदवून ठेवले आहे : या छळात आळसाचा भाग मोठा. उन्हातान्हात पुरावा हुडकीत फिरण्याचे कष्ट कोण घेणार?

पण त्याच कायद्याने एक फटही ठेवली. सत्ताविसाव्या कलमानुसार, आरोपीने सांगितल्यावरून एखादी वस्तू सापडली, तर तेवढ्यापुरते त्याचे बोलणे चालते. म्हणजे त्याला बोलते करण्याची गरज उरलीच!

स्वराज्यात ही फट रुंदावली. १९८७ च्या 'टाडा'ने अधीक्षक वा त्यावरील दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्यापुढील कबुली ग्राह्य ठरविली. तो कायदा १९९५ साली संपला. १९९९ साली आपल्या महाराष्ट्राने 'मोक्का'त तीच तरतूद घेतली. परक्या राज्यकर्त्यांनी जो विश्वास आपल्या पोलिसांवर टाकला नव्हता, तो आपण टाकला. इकडे १९९६ साली डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला अटकेचे नियम घालून द्यावे लागले : नातेवाइकांस कळवा, दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी करा.

१ जुलै २०२४ पासून जुन्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्याच्या तेविसाव्या कलमात तो अविश्वास आहे, आणि ती फटही आहे. नियमाने न्यायासन स्वच्छ राहते, हे खरे. पण तो लागू होतो मार खाऊन झाल्यावर. शिक्षेचे कलम आहे, पण साक्ष कोण देणार? कोठडीत असतात मारणारे आणि मार खाणारा.