रविवार कुणी मिळवला, आणि कुणाला मिळालाच नाही?

परवा रविवारी रात्री साडेअकराला आमच्या गल्लीत एकाच खिडकीत लाईट होता. शेजारचा पोरगा. पुण्यातली नोकरी सोडून गावी आलाय, घरी बसून परदेशातल्या लोकांना वेबसाईट बनवून देतो. सकाळी दुधाच्या पिशव्या आणताना भेटला. म्हटलं, "काय रे, रविवारी पण?" हसला. "काका, मी माझाच मालक आहे. सुट्टी कधीही घेऊ शकतो." शेवटची कधी घेतलीस, असं विचारलं तर त्याला आठवेना.

त्यावरून हे लिहितोय. थोडं लांब आहे, पण वेळ काढून वाचा.

मुंबईच्या गिरण्यांत एकेकाळी कामगाराला आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. दिवस उगवला की काम सुरू, मावळला की बंद. १८८१ साली पहिला फॅक्टरी कायदा आला, पण त्यात मोठ्या माणसांच्या तासांवर बंधनच नव्हतं. नारायण मेघाजी लोखंडे हे 'दीनबंधु'चे संपादक, म्हणजे आमच्याच धंद्यातले. १८८४ मध्ये त्यांनी कामगारांची सभा घेतली आणि साडेपाच हजार लोकांच्या सह्यांचं निवेदन तयार झालं. मागण्या काय होत्या? रविवारची पूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, साडेसहाला काम सुरू आणि सूर्यास्ताला बंद, पगार १५ तारखेपर्यंत, काम करताना जखमी झाला तर बरा होईपर्यंत पगार. नीट बघा, यातल्या बऱ्याचशा मागण्या वेळेच्याच आहेत.

सहा वर्षं गेली. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजारांची सभा झाली. दोन कामगार बायाही बोलल्या. शेवटी १० जून १८९० ला गिरणीमालकांच्या संघटनेने आठवड्याची सुट्टी मान्य केली. पुढच्या वर्षी ती कायद्यात आली. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याने दिवसाला ९ तास, आठवड्याला ४८ तास ही मर्यादा घातली. जादा कामाला दुप्पट दर ठरला.

पण हे सगळं मिळालं ते कारखान्याच्या भिंतीच्या आत. भोंगा वाजतो तिथेच तास मोजता येतात. घरात बसून काम करणाऱ्याचं काय?

त्यासाठी सोलापूरला जाऊ. तिथल्या हजारो बायका पिढ्यान्‌पिढ्या घरी विड्या वळतात. कारखान्यातून तेंदूपत्ता, तंबाखू, दोरा आणायचा. पानं भिजवायची, कापायची, वळायची, मोजून नेऊन द्यायची. मजुरी हजारी, म्हणजे हजार विड्यांमागे. तपासणीत नापास झाली की छाट. वरवर बघितलं तर वेळ तिचीच. उशिरा उठली तर कोणी गेटवर अडवत नाही. पण हजार विड्या झाल्या नाहीत तर चूल पेटत नाही. म्हणून स्वयंपाक करता करता वळायचं, पोराला झोपवता झोपवता वळायचं. सूप मांडीवर असतं, आणि मांडीला सुट्टी नसते.

आता खरी गंमत पुढे आहे. १९६६ मध्ये विडी आणि सिगार कामगारांसाठी वेगळा कायदा झाला आणि घरी काम करणारीही कामगार धरली गेली. त्यातून सुटायला काही ठेकेदारांनी कागदोपत्री खरेदी-विक्री दाखवायला सुरुवात केली. बाईने पान-तंबाखू विकत घेतलं, विड्या बनवून विकल्या, म्हणजे ती कामगार नाहीच, स्वतंत्र धंदेवाली आहे! पान त्याचं, दर त्याचा, छाट काढणारा त्याचा, आणि मालक मात्र बाई.

आता शेजारच्या पोराचं वाक्य परत वाचा. "मी माझाच मालक आहे."

फरक आहे, मान्य. त्याला पैसे बरे मिळतात, नको असलेलं काम तो नाकारू शकतो. पण दर बहुतेक वेळा समोरचा ठरवतो, मुदत समोरचा ठरवतो, पसंत नाही पडलं तर पुन्हा करून द्यायचं तेही फुकट. छाटच की ती! मीही त्यातलाच. वीसेक वर्षं तालुक्याच्या बातम्या घरून पाठवतोय, मानधन छापलेल्या बातमीमागे. ना हजेरी, ना रजा. सणाच्या दिवशी ताटावरून उठून गेलोय आणि वर त्यालाच स्वातंत्र्य म्हणत आलोय.

मग घरून काम वाईट का? मुळीच नाही. १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तीच लिज्जत. तिथेही काम घरीच. पीठ न्यायचं, दुसऱ्या दिवशी पापड आणून द्यायचे, तपासणी तिथेही कडक. पण लाटणारी बाई संस्थेची भागीदार, नफा-तोटा सगळ्यांचा. एकटीने दरासाठी भांडायची वेळ तिच्यावर येत नाही.

इतिहास मला एवढंच सांगतो. वेळ हातात असणं आणि वेळेवर हक्क असणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिली घरी बसून मिळते, दुसरी एकट्याला मिळत नाही. लोखंड्यांनाही साडेपाच हजार सह्या लागल्या.

आपल्या गावात आज घरून काम करणारी पोरं-पोरी किती आहेत, कुणालाच माहीत नाही, कारण ते एकमेकांना ओळखतच नाहीत. निदान ओळख तरी करून घ्या. कोण किती दर घेतो ते एकमेकांना सांगा. तास वहीत लिहा. मुदतीच्या पुढचं फुकट काम किती झालं तेही लिहा. आणि आठवड्यातला एक दिवस सगळ्यांनी मिळून बंद ठेवा. एकट्याने ठेवला तर काम दुसऱ्याकडे जातं.

येत्या रविवारी सकाळी दहाला मी वाचनालयाच्या कट्ट्यावर बसतोय. चहा माझ्याकडून. शेजारच्या पोराला सांगितलंय. म्हणाला, "बघतो काका, एक डेडलाईन आहे."