दिनविशेष : २४ नोव्हेंबर १९९१

‘क्वीन’ या ब्रिटिश बँडचे मुख्य गायक फ्रेडी मर्क्युरी यांचे लंडनमधील केन्सिंग्टन येथील राहत्या घरी निधन झाले. वय ४५. एड्समुळे जडलेला न्यूमोनिया हे मृत्यूचे कारण होते. आपल्याला एड्स असल्याचे निवेदन त्यांनी आदल्याच दिवशी प्रसिद्ध केले होते. अंत्यसंस्कार जरथुश्ती विधींनुसार झाले.

एवढ्या प्रसिद्ध कलावंताने हा आजार नाव घेऊन मान्य करणे त्या काळी दुर्मीळ होते. निवेदन उशिरा आले, अशी टीकाही झाली. पण त्यामुळे आजाराबद्दलची कुजबुज उघड चर्चेत आली. १९९२ मध्ये सहकाऱ्यांनी ‘मर्क्युरी फिनिक्स ट्रस्ट’ स्थापन केला. एड्सविरोधी कामासाठी तो आजही निधी देतो.

महाराष्ट्राशी असलेले त्यांचे नाते मात्र अजूनही अनेकांना ठाऊक नसते. झांझिबारमध्ये जन्मलेले फारुख बलसारा, म्हणजेच पुढचे फ्रेडी मर्क्युरी, शिकले पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत, आणि ‘द हेक्टिक्स’ हा त्यांचा पहिला बँडही तिथलाच. बलसारा हे आडनाव बलसाडचे, म्हणजे आजच्या वलसाडचे. पालघर-बोईसरहून उत्तरेला जाणारी रेल्वे तिथूनच पुढे जाते, आणि तारापूर, डहाणू, घोलवड या पट्ट्यातील पारशी-इराणी वस्तीही जुनी आहे. १३ जुलै १९८५ रोजी आयरिश गायक बॉब गेल्डॉफ यांनी पुढाकार घेऊन भरवलेल्या ‘लाइव्ह एड’ या संगीत कार्यक्रमात वेम्बली स्टेडियम गाजवणारा आवाज याच किनाऱ्याच्या पारशी समाजातला होता.