ऑफिसच्या ईमेलवरचं गॉसिप: डिलीट केलं तरी का नडतं?

पुण्याच्या सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. १९१० साली सुरू झालेल्या या संस्थेत जुनी हजारो कागदपत्रं जपून ठेवली आहेत. त्यातली कित्येक पत्रं एकाच माणसाने वाचावीत म्हणून लिहिलेली होती. आज ती अभ्यासक वाचतात.

त्याच पेठेत आता वाड्यांच्या जागी झालेल्या इमारतींमध्ये सीएंची ऑफिसं आहेत, प्रकाशनं आहेत, क्लासेस आहेत. तिथेही ‘फक्त तुला सांगतोय, कुठे बोलू नकोस’ म्हणत साहेबांबद्दल किंवा शेजारच्या टेबलवरच्या सहकाऱ्याबद्दल मेल टाकणारं कुणीतरी सापडेलच. अमृततुल्यात चहा पिताना केलेली कुजबुज तिथेच विरून जाते. मेल मात्र लेखी कागदासारखा मागे राहतो.

मेल नेमका कुणाचा?

ऑफिसने दिलेला आयडी ऑफिसचा असतो. रुजू होताना सही केलेल्या कागदांमध्ये बहुतेक वेळा तसं लिहिलेलं असतं आणि मेल तपासण्याचा हक्क कंपनीने राखून ठेवलेला असतो.

गूगल आणि मायक्रोसॉफ्ट या दोघांच्याही ऑफिससाठीच्या सेवांमध्ये कर्मचाऱ्याने डिलीट केलेला मेल ठरावीक काळ जपून ठेवण्याची आणि नंतर शब्द टाकून शोधण्याची सोय आहे. ती वापरायची की नाही, हे कंपनी ठरवते. शिवाय ज्याला मेल पाठवला त्याच्याकडे प्रत असतेच. जीमेलचं ‘अनडू सेंड’ जास्तीत जास्त ३० सेकंद चालतं आणि आउटलुकचं ‘रिकॉल’ कंपनीबाहेर गेलेला मेल परत आणू शकत नाही.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण एन्रॉनचं आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या दाभोळ वीज प्रकल्पामुळे हे नाव महाराष्ट्रात घरोघरी पोहोचलं होतं. डिसेंबर २००१ मध्ये ही कंपनी अमेरिकेत दिवाळखोरीत गेली. वीजबाजारातल्या गैरप्रकारांची चौकशी करताना तिथल्या ऊर्जा नियामक आयोगाने कंपनीचे मेल ताब्यात घेतले आणि २००३ मध्ये ते खुले केले. त्यातला सुमारे १५० कर्मचाऱ्यांच्या जवळपास ५ लाख मेलचा संच अभ्यासक आजही वापरतात. चौकशी वीजबाजाराची होती, पण मेलमध्ये घरगुती गोष्टी, चावट विनोद आणि ऑफिसमधल्या कुचाळक्याही होत्या. ज्यांचा गैरप्रकारांशी संबंध नव्हता, त्यांचंही खासगी बोलणं जगासमोर आलं.

फॉरवर्ड म्हणजे नवा ‘ध चा मा’

१७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला. ‘धरावे’चं ‘मारावे’ केल्याची त्याबद्दलची आख्यायिका सगळ्यांना माहीत आहे. मेलमध्ये तर अक्षरही बदलावं लागत नाही, आधीचा संदर्भ कापला की काम होतं. पाच मेलच्या संवादातली चेष्टेतली एक ओळ तेवढी पुढे गेली, तर ती गंभीर आरोपासारखी वाचली जाते.

उलटंही होतं. वरचा मेल साधा कामाचा असतो, पण खाली जुन्या मेलची साखळी तशीच राहते आणि ज्याच्याबद्दल लिहिलं होतं त्याच्याच हाती पडते. बीसीसीत ठेवलेल्या माणसाने ‘रिप्लाय ऑल’ केलं, तर तो गुपचूप सगळं वाचत होता हे सगळ्यांना कळतं.

कायदा काय म्हणतो?

आयटी कायद्याचं कलम ६६अ सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये रद्द केलं. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुक पोस्टवरून अटक झाल्यावर हे कलम देशभर गाजलं होतं. ते गेलं म्हणून आता काहीही लिहिलं तरी चालतं, असा अनेकांचा समज आहे. तो चुकीचा आहे.

बदनामी आजही गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेची कलमं ४९९ आणि ५०० होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा दोन्ही, अथवा समाजसेवा. मजकूर तिसऱ्या एका माणसापर्यंत पोहोचला तरी पुरतं, म्हणजे सीसीमधलं एक नावही पुरेसं आहे. ‘पण ते खरंच आहे’ एवढं म्हणून सुटका होत नाही. फौजदारी खटल्यात ते सांगणं लोकहिताचं होतं, हेही दाखवावं लागतं.

मजकूर एखाद्या महिलेबद्दल असेल तर प्रकरण आणखी वाढतं. दक्षिण मुंबईतल्या एका सोसायटीत २००९ मध्ये एका रहिवाशाने महिलेबद्दल आक्षेपार्ह मेल लिहिले आणि ते इतर सभासदांनाही गेले, अशी तक्रार झाली. कायद्यात ‘उच्चारलेले शब्द’ म्हटलं आहे, लिहिलेले नाही, असा बचाव हायकोर्टात झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये मुंबई हायकोर्टाने तो फेटाळला. मेलमध्ये लिहिलेले शब्दही विनयभंगाच्या हेतूने केलेल्या शब्दांमध्ये, म्हणजे कलम ५०९ मध्ये, येऊ शकतात असं सांगत कोर्टाने गुन्हा पूर्ण रद्द करायला नकार दिला. मेल पाठवून तेव्हा १५ वर्षं झाली होती.

ऑफिसमध्ये लैंगिक छळाची तक्रार झाली असेल, तर तक्रारदार, ज्याच्यावर आरोप आहे तो आणि साक्षीदार यांची ओळख किंवा चौकशीचा तपशील जाहीर करायला २०१३ च्या कायद्याचं कलम १६ मनाई करतं. ‘कोण होती गं ती?’ असा मेल फिरवणं म्हणूनच साधं गॉसिप राहत नाही.

मग तक्रारच करायची नाही का?

करायची. अधिकार असलेल्या व्यक्तीकडे सद्हेतूने केलेली तक्रार बदनामी ठरत नाही, असा अपवाद कायद्यातच आहे. फरक दोन गोष्टींचा आहे: मेल कुणाला गेला आणि त्यात काय लिहिलं. ‘१२ तारखेच्या मीटिंगमध्ये साहेब असं म्हणाले’ हे एचआरला लिहिणं ही तक्रार. ‘साहेबांचं बाहेर काहीतरी चालू आहे’ हे दहा जणांना लिहिणं हे गॉसिप.

आपल्याबद्दल असा मेल फिरत असेल तर?

रागाच्या भरात ‘रिप्लाय ऑल’ करू नये. मूळ मेल डिलीट न करता हेडरसकट जपून ठेवावा, कारण नुसता स्क्रीनशॉट कोर्टात टिकेलच असं नाही. जालना विधानसभा निवडणुकीच्या वादातून गेलेल्या अर्जुन खोतकर प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये स्पष्ट केलं की, मूळ उपकरण हजर केलं नाही तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतंच. आता ही तरतूद भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. त्यानंतर एचआरकडे लेखी तक्रार द्यावी आणि गरज वाटली तर वकिलाचा सल्ला घ्यावा.

पाठवण्याआधी

मेल लिहून झाल्यावर ‘टू’मध्ये ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याचंच नाव आहे, अशी कल्पना करून एकदा वाचून बघावा. तेव्हा हात थांबला, तर तो मेल ड्राफ्टमध्येही ठेवू नये. ऑफिसच्या खात्यात ड्राफ्टही ऑफिसचाच असतो.