शस्त्रांचा कायदा आणि पोलिसांची दृष्टि

अमरावती जिल्ह्यांतील मोझरी येथें १९३५ सालीं तुकडोजी महाराजांनीं गुरुकुंज आश्रम स्थापिला. महाराजांच्या हातीं शस्त्र नव्हतें, खंजिरी होती. तरी ऑगस्ट १९४२ मध्यें सरकारनें त्यांना पकडून नागपूर व रायपूर येथील तुरुंगांत ठेविलें. बंदुकीवर बंदी घालून निर्धास्त झालेल्या सत्तेला भजनाचें भय कां वाटावें, याचें उत्तर शस्त्रांच्या कायद्याच्या इतिहासांत आहे.

लॉर्ड लिटनच्या कारकीर्दींत, १८७८ सालीं, परवान्यावांचून शस्त्र बाळगणें हा गुन्हा ठरला. युरोपियनांस मात्र सूट होती. दरोडेखोरास निःशस्त्र ठेवणें आणि प्रजेकडे संशयानें पाहणें, अशीं दोन कामें पोलिसांकडे आलीं. पहिलें लोकांस हवें होतें. दुसऱ्यामुळें पहिल्याचीही प्रतिष्ठा गेली. १९२७ सालीं नागपुरांत मंचरशा आवारी यांनीं बंगालच्या राजबंद्यांच्या सुटकेसाठीं चळवळ केली, तेव्हां उघडपणें तलवारी धारण करून त्यांनीं नेमका हाच कायदा मोडला. शस्त्र घेऊन सत्याग्रह होत नाहीं, असें गांधीजींचें मत पडलें. पण कायद्याचा जाच सर्वांसच मान्य होता.

१६ ऑगस्ट १९४२ रोजीं, नागपंचमीच्या दिवशीं, वर्धा नदीपलीकडील आष्टी येथें जमाव पोलीस-ठाण्यावर गेला. पोलिसांनीं गोळ्या झाडल्या, माणसें पडलीं. आणि खवळलेल्या जमावाच्या हातून पोलीसही मारले गेले. चौसष्ट वर्षें खेडीं निःशस्त्र ठेवूनही ठाणें सुरक्षित राहिलें नाहीं. बंदुका पोलिसांपाशीं होत्या. लोकांचा विश्वास नव्हता.

स्वतंत्र भारताचा शस्त्र-कायदा १९५९ सालीं झाला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलांत आला. रानडुकरांपासून पीक राखणाऱ्या शेतकऱ्याच्या ठासणीच्या बंदुकीचा विचार त्यांत आहे. १९८३ च्या दुरुस्तीनें परवान्यापूर्वीं जवळच्या ठाण्याचा अहवाल मागविण्याची तरतूद झाली. ग्रामीण भागांत निर्णय मात्र जिल्हादंडाधिकाऱ्याचा. २०१९ सालीं एका व्यक्तीस बाळगतां येणाऱ्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आली.

शस्त्रें थोडीं असावींत, ही पोलिसांची इच्छा अयोग्य नव्हे. कारण भांडणांत निघालेल्या बंदुकीसमोर पहिला उभा राहतो तो शिपाईच. परंतु अहवाल लिहिणाऱ्यानें अर्जदाराचें शेत, शेजार व स्वभाव जाणून लिहावें. परक्या सत्तेच्या पोलिसाला हें गांव शत्रूचें वाटे. आजच्या पोलिसाला तें आपलें वाटलें, तरच आष्टीचा धडा तो शिकला असें म्हणतां येईल.